सम एकाची, रंग दुसऱ्याचा : सिंथेसायझरमधील सिंक आणि मॉड्युलेशन



विजयादशमीच्या संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानावर होणारी ‘पंजिन कवायत्तु’, म्हणजेच मशालींची कवायत, म्हैसूरकरांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. अंबाविलास राजवाड्यातून निघालेली जंबू सवारी सुमारे पाच किलोमीटरांची वाट चालून जेथे विसावते, तेच हे स्थान. बन्नी म्हणजे शमी. मराठी घरांत त्या दिवशी आपट्याचे पान सोने म्हणून दिले जाते आणि कर्नाटकाच्या अनेक भागांत शमीचे. झाड निराळे असले, तरी भाव एकच.

या मैदानावर बँडपथके वाजू लागली, की त्यांतील शिस्त मन वेधून घेते. त्या शिस्तीमागे एक साधे गणित आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. १७० मीटर अंतरावरच्या ढोलाचा ठोका कानी पडेपर्यंत अर्धा सेकंद उलटून गेलेला असतो. विस्तीर्ण मैदानावर पसरलेल्या वादकांनी केवळ कानांवर विसंबून ठेका धरला, तर पथक विस्कटून जाईल. म्हणून त्यांची नजर पथकप्रमुखाच्या हातातील दंडावर असते. दंड काळ ठरवतो. पण ट्रंपेट ट्रंपेटच राहतो आणि ढोल ढोलच राहतो. काळ एकाने द्यावा आणि रंग दुसऱ्याने द्यावा, हीच व्यवस्था सिंथेसायझर नावाच्या वाद्याच्या पोटात सेकंदाला शेकडो वेळा घडत असते. तिला ‘सिंक’ म्हणतात. ही सिंक आणि तिची सोबतीण ‘मॉड्युलेशन’ हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

शाळेच्या हीरक महोत्सवात असा विषय कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. आज अनेक घरांत की-बोर्ड आहे. ज्या घरात तो नाही, तेथे संगणकावर किंवा मोबाइलवर त्याचे रूप आहे. त्यात शेकडो तयार आवाज नावानिशी भरलेले असतात. मूल बटण दाबते, आवाज येतो आणि स्नेहसंमेलन पार पडते. परंतु निवडणे म्हणजे समजणे नव्हे. वाद्यावरील अक्षरे इंग्रजी असली, तरी आत जे घडते ते तरंगांचे आणि अंकांचे काम आहे, आणि अंकांना कोणतीही एक मातृभाषा नसते. ध्वनीवरचा शालेय पाठ नीट उमगलेला विद्यार्थी हे सारे मराठीतून समजून घेऊ शकतो. तो इतरांनी बनवलेल्या आवाजांचा केवळ ग्राहक राहणार, की स्वतः आवाज घडवणार, हा प्रश्न त्या समजुतीवर अवलंबून आहे.

या प्रश्नाला भारतातच एक इतिहास आहे. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. १९७२ नंतर ते काम विस्मृतीत गेले. त्या ध्वनिफिती पुढे अनेक दशकांनी संस्थेच्या संग्रहातून उजेडात आल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. दुसरे उदाहरण मुंबईचे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे घेऊन दहा रागांवर आधारित एक ध्वनिमुद्रिका केली. भैरव, ललत, यमन, मालकंस यांसारखे राग विजेच्या यंत्रांवर वाजले. पण त्या काळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरच्या रसिकांनी ती आश्चर्याने ऐकली. वाद्य आले, कलावंत आले, कामही झाले. समजून घेणारा समाज मात्र भोवती नव्हता. अशी समजूत घडवणे हे शाळेचे काम आहे.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू या. संगीतशास्त्रात नादाची तीन लक्षणे सांगितली जातात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. लहानमोठेपणा तरंगाच्या आयामावर ठरतो. उच्चनीचता, म्हणजे स्वराची उंची, वारंवारितेवर ठरते. तरंगाचा आकार सेकंदाला किती वेळा पुन्हा घडतो, ही ती संख्या. आणि जाती, म्हणजे नादाचा रंग, त्या आकारावर ठरतो. बासरी आणि सनई एकाच षड्जावर लावल्या, तरी डोळे मिटून त्या वेगळ्या ओळखता येतात त्या या रंगामुळे.

सिंथेसायझरमध्ये तरंग निर्माण करणाऱ्या मंडलाला ऑसिलेटर, म्हणजेच दोलक म्हणतात. त्याचा एक नेहमीचा आकार करवतीच्या दातांसारखा असतो. विद्युत्‌दाब सावकाश चढतो आणि शिखरावरून एकदम खाली येतो; पुन्हा चढतो, पुन्हा कोसळतो. असा तरंग सेकंदाला १०० वेळा घडला, तर त्यात १०० चा मूळ स्वर असतोच. शिवाय २००, ३००, ४००, ५०० अशा पटींचे उपस्वर क्रमाने क्षीण होत मिसळलेले असतात. चांगल्या लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो याच पटींमधला पाचवा. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. सारांश, एकाच स्वराच्या पोटात स्वरांचे मोठे कुटुंब नांदत असते.

आता दोन दोलक घेऊ. एकाला मुख्य म्हणू, दुसऱ्याला अनुगामी. मुख्य दोलक सेकंदाला १०० आवर्तने करतो. त्याचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे. अनुगामी १५० वर लावला आहे. त्याचे एक आवर्तन सुमारे ६.७ मिलिसेकंदांचे. दोन्ही मोकळे सोडले, तर षड्ज आणि पंचम एकत्र वाजावेत तसे ऐकू येईल. सिंकचे बटण दाबताच नियम बदलतो. मुख्याचे आवर्तन पुरे झाले, की अनुगामी जेथे असेल तेथे तोडला जातो आणि शून्यापासून पुन्हा सुरू होतो. या उदाहरणात अनुगामी आपला एक दात पूर्ण करतो, दुसरा निम्मा चढतो, आणि तेवढ्यात मुख्याची वेळ भरते. एक पूर्ण दात आणि एक अर्धा दात असा जोड आकार तयार होतो. तो दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, जसाच्या तसा घडत राहतो.

आता कानाला काय ऐकू येईल? आकार सेकंदाला १०० वेळा घडत असल्याने स्वराची उंची मुख्याची. १५० चा वेगळा पंचम उरत नाही. पण आकार अनुगामीचा असल्याने रंग त्याच्यावर अवलंबून राहतो. तबल्याचा ठेका ऐकणाऱ्याला हे लगेच पटेल. समेचे स्थान तालाने ठरवलेले असते. मधल्या मात्रांत काय भरायचे, ते वादकाचे. एवढाच फरक, की मैफलीतला वादक आपली तिहाई समेवर नेमकी आणून सोडतो. सिंकमध्ये मात्र अनुगामीचा बोल अपुरा असला, तरी सम त्याच्यासाठी थांबत नाही.

आता मुख्य तसाच ठेवून फक्त अनुगामीची वारंवारिता हळूहळू वाढवावी. तो नेमका २०० वर आला, की त्याची दोन आवर्तने बरोबर समेवर संपतात. काहीच तुटत नाही आणि स्वर एक सप्तक वर गेल्यासारखा वाटतो. २३० वर नेला, की पुन्हा तिसरा दात अर्धवट राहतो आणि मूळ १०० चा पाया परत येतो. ज्या ठिकाणी अनुगामीची स्वतःची वारंवारिता असते, त्याच्या आसपासचे उपस्वर बलवान होत जातात. गायकाने षड्ज न सोडता ‘आ’पासून ‘ई’पर्यंत मुखाचा आकार बदलत जावे, त्याच्याशी या परिणामाचे नाते आहे. उंची ढळत नाही. रंग मात्र सरकत राहतो, काही वेळा गुरगुरल्यासारखा, काही वेळा धातू घासल्यासारखा.

हा अनुभव मराठी कानांना अगदी परका नाही. मिरजेत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवू लागले आणि मिरजेचा तंबोरा देशभर पोहोचला. त्या तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तारेखाली बारीक धागा सरकवून जवारी काढली जाते. तार घोडीला अलगद स्पर्श करत कंप पावते आणि एकाच स्वरातून उपस्वरांची ओळ उलगडत जाते. तार ज्या बिंदूवर छेडली, तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद पडतो, ते उपस्वर उमटू नयेत, असा भौतिकशास्त्रातला जुना नियम होता. तंबोरा आणि वीणा यांत ते उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले आणि त्याचे श्रेय घोडीच्या रचनेला दिले. जवारीची यंत्रणा आणि सिंकची यंत्रणा वेगळी आहे. परंतु स्वर स्थिर ठेवून त्याचा रंग उलगडत नेणे, हे दोन्हींचे फळ सारखे आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला सिंक समजणे म्हणूनच सोपे जावे.

आता मॉड्युलेशन. सिंकमध्ये एक दोलक दुसऱ्याला ‘कधी’ हे सांगतो. मॉड्युलेशनमध्ये ‘किती’ हे सांगतो. एका तरंगाने दुसऱ्याचा एखादा गुण सतत कमीजास्त करत राहणे, हे मॉड्युलेशन. सेकंदाला पाच-सहा हेलकावे देणारा मंद दोलक दुसऱ्याच्या उंचीवर लावला, तर स्वर आंदोलित होतो. तोच आवाजाच्या मोठेपणावर लावला, तर स्वर मिणमिणल्यासारखा कमीजास्त होतो. गाळणीवर, म्हणजे फिल्टरवर लावला, तर रंग उजळतो आणि मावळतो. हा मंद दोलक स्वतः ऐकू येत नाही. त्याचा परिणाम तेवढा ऐकू येतो.

या मंद दोलकाचा वेग वाढवत नेला, तर एक आश्चर्य घडते. सेकंदाला सुमारे वीस हेलकाव्यांच्या पुढे कान ते हेलकावे वेगवेगळे मोजू शकत नाही. त्याला ऐकू येतात ते नवे उपस्वर. मूळ दोलक ४०० वर असेल आणि हलवणारा १०० वर, तर ३०० आणि ५०० उमटतात. उंचीचे मॉड्युलेशन अधिक खोल केले, की २०० आणि ६००, आणि असेच पुढे. हे सारे १०० च्या पटीतले असल्याने नाद सुरेल राहतो. हलवणारा १०० ऐवजी १३७ वर ठेवला, तर २६३, ५३७, १२६, ६७४ असे एकमेकांशी साधे नाते नसलेले स्वर उमटतात आणि नाद घंटेसारखा, काशाच्या भांड्यासारखा होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चौनिंग यांनी १९६७ साली या तत्त्वाची सांगीतिक शक्ती ओळखली, १९७३ साली तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि १९८३ सालच्या यामाहा डीएक्स-७ या वाद्याने ती घरोघरी पोहोचवली.

हेच तत्त्व म्हैसूरला त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. १९३५ साली महाराजा महाविद्यालयातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरून एक छोटे नभोवाणी केंद्र चालवले. पुढे देशाच्या नभोवाणीने स्वीकारलेले ‘आकाशवाणी’ हे नाव याच म्हैसूरच्या केंद्राचे. मध्यम लहरींवरील प्रसारणात वाहक तरंगाचा आयाम बोलण्याबरोबर हलवला जातो. एफएम प्रसारणात त्याची वारंवारिता हलवली जाते. रेडिओतील वाहक तरंग कानाच्या पलीकडचा असतो आणि घरातला संच त्यातून बोलणे वेगळे काढतो. सिंथेसायझरमध्ये वाहकही श्राव्य असतो आणि काहीही वेगळे न काढता तो सारा मिलाफच ऐकायचा असतो. गणित मात्र दोन्हीकडे तेच.

शिकणाऱ्यांचा नेहमीचा गोंधळ येथे सांगणे उपयोगाचे ठरेल. सिंक सुरू करूनही काही बदल जाणवत नाही, अशी तक्रार असते. त्याचे कारण बहुतेक वेळा असे, की दोन्ही दोलक एकाच उंचीवर लावलेले असतात. दोघांची आवर्तने एकदमच संपत असतील, तर तुटायला काही उरतच नाही. दुसरे कारण, अनुगामी मुख्यापेक्षा खाली लावलेला असतो. मग त्याचे एकही आवर्तन पूर्ण होत नाही. दात अर्ध्या उंचीवरच तुटतो आणि आवाज केवळ दुबळा होतो. तिसरी चूक म्हणजे मॉड्युलेशन दोन्ही दोलकांना एकदम लावणे. तसे केले, की सारा स्वरच वरखाली होतो. रंग हवा असेल, तर मुख्याला स्थिर ठेवून फक्त अनुगामीची उंची हलवावी. याशिवाय काही वाद्यांत सौम्य सिंकही असते. तीत प्रत्येक वेळी अनुगामीला तोडले जात नाही. त्याचे आवर्तन संपत आलेले असेल तेव्हाच त्याला समेवर ओढून घेतले जाते. तिचा नाद कमी कर्कश असतो.

या तीन निरीक्षणांत केवळ वाद्याचे ज्ञान नाही, हे जाणत्या श्रोत्यांच्या लक्षात आले असेल. म्हैसुरात वाढणारे मराठी मूल घरात मराठी बोलते, बाजारात कन्नड बोलते आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजीशी जुळवून घेते. भोवतालच्या समाजाची सम त्याला पाळावीच लागते, आणि ती आनंदाने पाळावी. पालकांची चिंता असते ती पुढची : समेवर येता येता मुलाचा स्वतःचा रंग राहील का? दोलकांचे उत्तर असे आहे, की सम पाळल्याने रंग जात नाही. रंग जातो तो दोन प्रकारांनी. अनुगामी मुख्याची हुबेहूब नक्कल झाला, तर त्याच्या असण्याने काहीच भर पडत नाही. आणि त्याचे स्वतःचे आवर्तन इतके मंद झाले, की ते एकदाही पुरे होत नाही, तर उरतो तो केवळ दुबळेपणा. घरात मराठी बोलली जाते, पण वाचली जात नाही. वाक्य मराठीत सुरू होते आणि अर्ध्यावर दुसऱ्या भाषेत तुटते, तेव्हा हा दुसरा प्रकार घडत असतो. मुलाला मराठीत एक तरी विचार आरंभापासून शेवटपर्यंत पूर्ण करता यावा, एवढी गती त्या भाषेला घरात आणि शाळेत मिळायला हवी.

असा मिलाफ काय देऊ शकतो, याचे उदाहरण मिरज आणि म्हैसूर यांनाच जोडणारे आहे. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे म्हैसूर दरबारी जाणे-येणे होते. कर्नाटक संगीताच्या त्या सहवासातून त्यांच्या गायकीतील सरगमेला नवी दिशा मिळाली, असे जाणकार मानतात. त्यांनी दक्षिणेचे ऐकले, घेतले, आणि तरीही ते किराणा घराण्याचेच गायक राहिले.

या उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोलकाला तुटण्याचे दुःख नसते, मुलाला असते. म्हणून वर्गात आणि घरात कठोर सिंकपेक्षा सौम्य सिंक बरी. मुलाचे वाक्य संपत येईपर्यंत थांबावे, मग त्याला समेवर आणावे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक स्वाध्याय. व्हीसीव्ही रॅकसारखी विनामूल्य आज्ञावली संगणकावर मिळते. दोन दोलक घ्यावेत, दोघांवर करवती तरंग निवडावा, आणि ऐकावा फक्त अनुगामी. आधी दोन्ही एका उंचीवर लावून सिंक जोडावी आणि काहीच बदलत नाही, याची खात्री करून घ्यावी. मग अनुगामीला सावकाश वर न्यावे. कोठे स्वर सप्तकाने उडी घेतो, ते वहीत लिहावे. तेथील वारंवारितांचे गुणोत्तर पूर्णांकात आहे का, ते तपासावे. त्यानंतर मंद दोलक केवळ अनुगामीच्या उंचीला जोडावा, आणि शेवटी तोच दोलक वेगवान करून आंदोलन कोणत्या क्षणी नवा नाद होते, ते कानाने टिपावे. आधी अंदाज लिहावा, मग ऐकावे, मग कारण शोधावे. पालकांनी ‘छान वाजवलेस’ एवढेच म्हणून थांबू नये; ‘हा आवाज कसा झाला, ते मराठीतून सांग’ असे विचारावे. मुलाने ते तीन-चार पूर्ण वाक्यांत सांगितले, तर वाद्य त्याला समजले आणि भाषाही त्याच्याजवळ राहिली, असे खुशाल मानावे.